थंडीतल्या पौर्णिमेला हे मासे कुठे निघतात?

भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि जानेवारी-फेब्रुवारीची पानं उघडा. पौर्णिमा कुठल्या तारखांना आल्यात, बघा बरं! याच पौर्णिमांची वाट पाहणारा एक मासा आहे. तो राहतो आपल्यापासून खूप खूप लांब, अमेरिका खंडाजवळच्या कॅरिबियन समुद्रात. वर्षभर हा बुवा एकटा असतो. आपल्या खडकातली कपार भली आणि आपण भले. शेजारी दुसरा मासा आलेलाही त्याला खपत नाही. पण थंडीतला चंद्र गोल व्हायला लागला की तो कपार सोडतो आणि निघतो. तोच नव्हे, आजूबाजूच्या सगळ्या कपारींमधले त्याचे भाऊबंदही निघतात. सगळ्यांचा पत्ता एकच, आणि पोहोचायचा दिवसही एकच.

या माशाचं नाव नॅसॉ ग्रूपर. बहामा बेटांची राजधानी नॅसॉ, तिच्यावरून पडलेलं. त्याची चुलत भावंडं आपल्याकडेही आहेत. मुंबईच्या मासळी बाजारात ‘हेकरू’ म्हणून मिळतो ना, तो त्याच घराण्यातला. मालवणात किंवा गोव्यात असाल तर तुम्ही त्याला गोब्रा किंवा गोबरो म्हणत असाल. जाडजूड ओठ, पुढे आलेला खालचा जबडा आणि अंगाच्या मानाने भलंमोठं तोंड ही या घराण्याची खूण. नॅसॉ ग्रूपरच्या फिकट तपकिरी अंगावर पाच गडद उभे पट्टे असतात आणि शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला एक काळा डाग. तो साठ-सत्तर सेंटिमीटर सहज वाढतो, कधी मीटरभरही होतो आणि पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो. म्हणजे एखादा जुना ग्रूपर तुमच्या ताईदादापेक्षाही मोठा असेल!

तो शिकार कशी करतो, हे आधी सांगायलाच हवं. तो भक्ष्याच्या मागे धावत सुटत नाही. खडकाच्या आडोशाला निवांत थांबतो. खेकडा, शेवंड किंवा छोटा मासा जवळ आला की एका क्षणात जबडा आणि कल्ले दोन्ही उघडतो. तोंडातली जागा एकदम वाढते, तिथला पाण्याचा दाब कमी होतो आणि बाहेरचं पाणी भसकन आत शिरतं. पाण्याबरोबर भक्ष्यही आत! चावणं-बिवणं काही नाही, अख्खंच गिळायचं. आतल्या बाजूला वळलेले बारीक दात असतात, पण ते फक्त आत आलेलं बाहेर निसटू नये म्हणून.

तांबड्या समुद्रातला याचाच एक नातेवाईक तर याहून हुशार निघाला. रेदुआन बशारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये जगाला त्याची गंमत सांगितली. त्या ग्रूपरची शिकार एखाद्या अरुंद फटीत लपली की तो मोरे ईलकडे जातो. मोरे ईल म्हणजे वामेसारखा लांबुडका मासा, फटींमधून सरपटण्यात पटाईत. ग्रूपर त्याच्यासमोर जोरजोरात डोकं हलवतो, म्हणजे ‘चल, शिकारीला जाऊ’. मग भक्ष्य लपलेल्या फटीवर तो डोकं खाली करून उभा राहतो आणि जागा दाखवतो. ईल आत घुसतो. भक्ष्य घाबरून बाहेर आलं तर ग्रूपरचं, आत अडकलं तर ईलचं. दोन वेगळ्या जातींचे मासे खाणाखुणा करून एकत्र शिकार करतात, हे वाचून मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही डोळे मोठे केले होते.

पण आपण थंडीबद्दल बोलत होतो. कॅरिबियन समुद्रातली थंडी म्हणजे काय, तर पाण्याचं तापमान 25-26 अंश सेल्सिअस! आपण त्यात मजेत डुंबू. पण उन्हाळ्यात तेच पाणी 29-30 अंशांवर गेलेलं असतं, त्यामुळे माशांना हा फरक नक्की कळतो. पाणी इतपत निवलं आणि वर पौर्णिमा आली की अंडी घालायची वेळ झाली. मग यात महिना महत्त्वाचा, की तापमान? याचं उत्तर बर्म्युडा बेटांजवळ मिळालं. ही बेटं बरीच उत्तरेला आहेत. तिथलं हिवाळी पाणी फारच गार असतं. म्हणून तिथल्या नॅसॉ ग्रूपरनी हिवाळ्यात नाही, तर मे महिन्यापासून पुढे, उन्हाळ्याच्या पौर्णिमांना अंडी घातल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा कुठे तिथलं पाणी त्यांना हवं तेवढं ऊबदार होतं. म्हणजे मासा महिना बघत नाही, अंगाला लागणारं पाणी बघतो. आणि दिवस ठरवतो चंद्रावरून.

आता चला लिटल केमन बेटावर. क्यूबाच्या दक्षिणेला केमन नावाची तीन बेटं आहेत, त्यांतलं हे सगळ्यात छोटं. लांबी जेमतेम 16 किलोमीटर, वस्ती शे-दोनशे माणसांची. बेटाच्या पश्चिम टोकाला प्रवाळाचा उथळ कट्टा समुद्रात पुढे गेलेला आहे, आणि जिथे तो संपतो तिथे तळ एकदम खोल खोल जातो. कट्ट्याच्या त्या कडेवर, सुमारे 30 मीटर खोल पाण्यात, पौर्णिमेच्या आसपास मासे जमायला लागतात. आधी दहा-वीस, मग शेकडो, मग हजारो. जत्रेला गावोगावची माणसं यावीत तसे बेटाच्या सगळ्या बाजूंनी येतात. शास्त्रज्ञांनी काही माशांच्या अंगात आवाजाचे संकेत देणारी छोटी यंत्रं बसवली आणि बेटाभोवती ते संकेत ऐकणारी यंत्रं ठेवली, तेव्हा त्यांच्या वाटा कळल्या. बहामात तर एक ग्रूपर अशा मेळ्यासाठी 200 किलोमीटरहून जास्त पोहून गेल्याची नोंद आहे. वर्षभर एका कपारीत बसणारा मासा, बरं का!

जमल्यावर त्यांचं वागणं पार बदलतं. एरवी भांडणारे मासे अंगाला अंग लावून पोहतात. रंगही बदलतात. अंगावरचे पट्टे पुसट होतात आणि कित्येक मासे वरून गडद, खालून पांढरेशुभ्र दिसू लागतात. ‘माझ्याकडून तुला त्रास नाही’ असा या दोन रंगांचा अर्थ असावा, असं अभ्यासकांना वाटतं. काहींची पोटं अंड्यांनी टम्म फुगलेली असतात. आणि ते आवाजही काढतात! पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ते खालच्या पट्टीतला ‘ढुम्म, ढुम्म’ असा नाद करतात. पाण्यात बुडवलेल्या माइकने हे आवाज टिपता येतात, आणि माणूस पाण्यात न उतरताही मेळा भरल्याचं समजतं.

पौर्णिमा उलटून दोन-चार दिवस झाले की ती संध्याकाळ येते. सूर्य मावळायला टेकलेला. (तिकडे संध्याकाळचे 6 वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार झालेले असतात.) एक काळपट झालेली मादी अचानक वरच्या दिशेने सुसाट निघते. तिच्यामागे नरांचा घोळका. वर जाता जाता ती अंडी सोडते, नर शुक्राणू सोडतात आणि निळ्या पाण्यात पांढरा ढग पसरतो. मग दुसरी मादी, तिसरी, चौथी, दहावी. सगळीकडे ढगच ढग. एकेक मादी लाखो अंडी सोडते. काही मिनिटं हा गोंधळ चालतो आणि अंधार पडता पडता थांबतो. असं दोन-तीन संध्याकाळी होतं, आणि मग मासे आपापल्या कपारींकडे परत फिरतात.

हे सगळं कट्ट्याच्या अगदी टोकालाच का? कारण प्रवाळांमध्ये अंडी खाणारी हजार तोंडं टपलेली असतात. टोकावर सोडलेली अंडी प्रवाहाबरोबर झटकन खोल समुद्रावर निघून जातात. अंडं असतं जेमतेम एक मिलिमीटरचं, आत तेलाचा एक थेंब, म्हणून ते तरंगतं. साधारण एका दिवसात पिल्लू बाहेर येतं. महिना-सव्वा महिना ते समुद्रावर वाहत राहतं, स्वतःला वाचवायला अंगावर लांब काटे वाढवतं आणि नशीब चांगलं असेल तर उथळ पाण्याजवळ येऊन शेवाळात आसरा घेतं. लाखातलं एखादंच इथवर पोहोचतं. म्हणून तर अंडी इतकी घालावी लागतात.

आता प्रश्न असा, की मेळ्याची जागा नव्या माशांना कोण सांगतं? वयात यायला या माशाला चार ते आठ वर्षं लागतात. पहिल्यांदा निघालेले तरुण मासे जुन्या, वाट माहीत असलेल्या माशांच्या मागे जाऊन जागा शिकतात, असं अभ्यासक मानतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कारण ही जागा जशी माशांना माहीत होती, तशी माणसांनाही कळली. कॅरिबियनमधले कोळी पिढ्यान् पिढ्या चंद्र बघून समुद्रावर जातात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला सागराला नारळ वाहून होड्या पाण्यात लोटतात, तसा तिकडच्या कोळ्यांसाठी हिवाळ्यातला पौर्णिमेचा आठवडा महत्त्वाचा. होडी कट्ट्याच्या कडेवर आणायची, दोरीला शिसं आणि गळ बांधायचा, आमिष लावून तळाशी सोडायचं. एरवी ग्रूपर गरवणं सोपं नाही. गळ लागला की तो उलटा फिरून थेट कपारीत घुसतो, कल्ले फुगवून असा रुतून बसतो की दोरी तुटेल पण मासा हलणार नाही. म्हणून पहिले काही हात दोरी झपाट्याने ओढावी लागते, तळापासून मासा सुटा करावा लागतो. त्यासाठी हातात ताकद हवी आणि डोक्यात खडकाचा नकाशा. हे कौशल्य आहे आणि त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण मेळ्यात हे काहीच लागत नाही. दोरी सोडली की मासा, दोरी सोडली की मासा. होडी भरायला वेळ लागत नाही.

आणि एकदा वर आलेला मासा परत सोडला, तरी तो सहजासहजी वाचत नाही. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीला वाताशय म्हणतात. पाण्यात हव्या त्या खोलीवर राहायला तिचा उपयोग होतो. समुद्रात दर 10 मीटर खाली गेलं की दाब एका वातावरणाने वाढतो. 30 मीटरवर तो पृष्ठभागाच्या चौपट असतो. तिथून माशाला झटकन वर ओढलं की पिशवीतली हवा चौपट फुगू पाहते. पोट फुगतं, डोळे बाहेर येतात, कधी जठर उलटं होऊन तोंडातून डोकावतं. असा मासा पाण्यात सोडला तर फुग्यासारखा वरच तरंगत राहतो आणि पक्षी किंवा शार्क त्याला गाठतात. यावर एक साधा उपाय आहे. वजन लावलेल्या चिमट्याने माशाचा जबडा अलगद पकडून त्याला पुन्हा खोल नेऊन सोडायचं. हवा दबून पूर्ववत होते आणि बरेच मासे पोहत निघून जातात. अमेरिकेत मेक्सिकोच्या आखातात खडकाळ तळावरचे मासे पकडणाऱ्या होड्यांवर 2022 पासून असं साधन किंवा फुगलेली हवा सोडणारी सुई तयार ठेवणं कायद्याने सक्तीचं केलं गेलं.

मेळ्यांचं काय झालं, ते आता ऐका. सी. लॅव्हेट स्मिथ नावाच्या मत्स्यशास्त्रज्ञांनी बहामातल्या बिमिनीजवळचा एक मेळा पाहिला आणि 1972 मध्ये त्याबद्दल लिहिलं. तिथे 30 हजार ते 1 लाख मासे असावेत, असा त्यांचा अंदाज होता. डोळ्यांसमोर आणून बघा! पुढच्या काही दशकांत कॅरिबियनमधले असे कितीतरी मेळे संपले. काही ठिकाणी पौर्णिमेला एकही मासा येईनासा झाला. म्हातारे, वाट माहीत असलेले मासे सगळे पकडले गेले, तर तरुणांना नेणार कोण? रिकामा झालेला मेळा पुन्हा भरणं फार कठीण जातं.

लिटल केमनच्या पश्चिम टोकावरचा मोठा मेळा कोळ्यांना 2001 मध्ये सापडला. तेव्हा तिथे सुमारे 7 हजार मासे होते. दोन हिवाळ्यांत त्यातले जवळजवळ 4 हजार पकडले गेले. अर्ध्याहून जास्त! केमन सरकारने 2003 मध्ये मेळ्यांच्या जागी मासेमारी थांबवली. बेटांचा पर्यावरण विभाग आणि ‘रीफ’ नावाची संस्था यांचे पाणबुडे दर हिवाळ्यात तिथे जाऊ लागले. या कामाला त्यांनी नाव दिलं ‘ग्रूपर मून’, म्हणजे ग्रूपरचा चंद्र.

पण सतत फिरणारे हजारो मासे मोजायचे कसे? ही युक्ती तुम्ही घरी करून बघू शकता. बरणीत भरपूर चिंचोके घ्या, न मोजता. त्यातले 50 काढून त्यांना खडूने किंवा रंगाने खूण करा. परत टाका, नीट कालवा. आता डोळे मिटून पुन्हा 50 काढा. समजा त्यात खुणेचे 5 निघाले. म्हणजे दर 10 चिंचोक्यांत 1 खुणेचा आहे. खुणेचे एकूण 50, तर सगळे मिळून साधारण 500! पाणबुड्यांनी काही माशांना छोट्या खुणेच्या पट्ट्या लावल्या, मग मेळ्यात पोहताना दर इतक्या माशांत पट्टीवाले किती दिसतात ते टिपलं. जोडीला पूर्ण मेळ्याचं चित्रीकरण करून मासे मोजले. चिंचोके जास्त नीट कालवले तर उत्तर जास्त बरोबर येतं का, तेही तपासा.

पहिली काही वर्षं आकडे हलेनात. हे मला या गोष्टीतलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. बंदी घातली म्हणून दुसऱ्या वर्षी मासे वाढत नाहीत. आज घातलेलं अंडं मोठं होऊन मेळ्याला यायला चार ते आठ वर्षं लागतात, हे मघाशी पाहिलंच. काही कोळी चिडले असणार, आणि त्यांचं चिडणं मला समजतं. डोळ्यांसमोरचा मासा सोडून द्यायचा म्हणजे घरच्या कमाईचा प्रश्न असतो. पण केमनने धीर धरला. 2020 मध्ये लिन वॉटरहाऊस, ब्राइस सेमेन्स आणि त्यांच्या गटाने निकाल जाहीर केला: लिटल केमन आणि शेजारच्या केमन ब्रॅक बेटावर नॅसॉ ग्रूपरची संख्या तिपटीहून जास्त झाली होती.

आता तिथला नियम असा आहे. 1 डिसेंबर ते 30 एप्रिल नॅसॉ ग्रूपर पकडायचाच नाही. उरलेल्या महिन्यांत एका होडीने दिवसाला पाचच, आणि तेही 16 ते 24 इंचांमधलेच. छोटे सोडायचे, हे आपल्याला पटकन पटतं. पण 24 इंचांपेक्षा मोठे का सोडायचे? मोठी मादी कितीतरी जास्त अंडी घालते. आणि वाट माहीत असलेले मासे तेच ना! बहामा आणि बेलीझ देशांतही हिवाळ्यात या माशाला अशीच सुट्टी असते. तरीसुद्धा सगळ्या कॅरिबियनचा विचार केला तर हा मासा अजून संकटातच आहे. धोक्यात आलेल्या जीवांच्या जागतिक यादीत 2018 पासून त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी आहे.

केमनमधल्या शाळकरी मुलांना हा मेळा वर्गात बसून बघता येतो. पाणबुडे समुद्राखालून थेट वर्गाशी बोलतात आणि मुलं त्यांना प्रश्न विचारतात. कोळ्यांची बाजू काय आणि शास्त्रज्ञांची काय, दोन्ही त्यांना शिकवल्या जातात.

आपल्याकडेही अशी सुट्टी आहे, माहीत आहे ना? महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे एक कारण, आणि अनेक मासे या काळात अंडी घालतात हे दुसरं.

आता तुमच्यासाठी एक काम. तुमच्या घरी मासे येत असतील तर एक वही करा. बाजारात कोळीण मावशीला विचारा, आज कुठल्या माशात गाबोळी निघाली? गाबोळी म्हणजे माशाची अंडी, तळून खाताना तुम्ही ती पाहिली असेलच. वहीत माशाचं नाव, तारीख आणि त्या दिवशीची तिथी लिहा. वर्षभर लिहीत राहा. कुठला मासा कुठल्या महिन्यात अंड्यांवर येतो, हे त्या मावशीला बहुधा आधीच ठाऊक असेल. तिच्याकडून ते नीट समजून घ्या आणि वर्ष संपलं की तुमच्या नोंदी आम्हाला पाठवा.